छत्रीवालीची साथ

माझ्या नवऱ्याचं एका बाईवर मन बसलंय हे मला आमच्याच डायनिंग टेबलावर भेंडी चिरताना कळलं. बाई जर्मन. वय असेल बावीस-तेवीस. आणि जाऊन कितीतरी वर्षं झालेली, जिवंत असती तर माझ्या आईला 'काय गं पोरी' म्हणाली असती. पण जळणाऱ्या माणसाला असलं काही सुचतं होय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो झालाच.

आम्ही नोएडात राहतो. यांची सगळी नोकरी दिल्लीत केंद्र सरकारात झाली, रिटायर झाल्यावर सेक्टरातल्या या फ्लॅटमध्ये आलो आणि आता इथेच मुरलोय. मराठी बोलायला म्हणून दिल्लीतल्या मंडळात जातो. गणपती, दिवाळी पहाट, जानेवारीत पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाणारी बस, असं मंडळाचं वर्षभर काही ना काही चालू असतं. त्या मंडळातली एक मुलगी एका रविवारी घरी आली. आईवडील मराठी, ही जन्मली-वाढली दिल्लीत, गुरुग्रामला कंपन्यांमधल्या लोकांना जर्मन शिकवते. मराठी बोलते गोड, पण अर्धी वाट हिंदीतून चालून येते.

"काका, एक आयडिया आहे," ती म्हणाली. "एक जर्मन कॉमेडी आहे, मूकपट, बोलपट यायच्या जस्ट आधीचा. मंडळात दाखवूया. मध्ये मध्ये जर्मनमध्ये लिहिलेल्या पाट्या येतात, त्या मी माईकवर मराठीत वाचीन. पण म्युझिक पाहिजे. त्या काळी थेटरात पडद्याखाली एक माणूस पियानो घेऊन बसायचा आणि पडद्याकडे बघून वाजवायचा. आपल्याकडे पियानो कुठून आणणार? तुम्ही पेटी वाजवायचे ना?"

मी आत चहा टाकत होते. म्हटलं, आता हे म्हणतील, हात दुखतो. भजनी मंडळाला हेच सांगितलं होतं, गणपतीत आरतीला वाजवा म्हणणाऱ्यांना हेच सांगितलं होतं. पेटी कित्येक वर्षं दिवाणाखाली खोळीत पडून होती. मी तिथला केर काढताना तिला हलकेच सरकवायची आणि परत जागेवर ठेवायची.

आणि हे म्हणाले, "बघू तरी, दाखव."

माझा चहा उतू गेला.

आता पेटी का बंद होती ते सांगायला हवं. मी गायचे. मोठी गायिका वगैरे नाही हो, मंडळातली. भावगीतं, नाट्यगीतं, कुणाच्या बारशाला पाळणा. साथीला कायम हे. आमचं लग्नही तसंच जमलं, पेटीच्या अलीकडे हे आणि पलीकडे मी. साथ कशी करावी ते यांच्याकडून शिकावं. पेटीकडे कधी बघायचे नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायचे. मी श्वास कुठे घेणार, कुठे वर जाणार, कुठे घाबरणार, हे यांना माझ्याआधी कळायचं. मी कुठे अडले की नुसती भुवई वर करायचे, म्हणजे 'जा, मी आहे'. यांच्या गुरुजींनी यांना एकच गोष्ट घोटून शिकवली होती, की गाणारा चुकला तर आपण बरोबर राहून मिरवायचं नाही, त्याच्याबरोबर चुकायचं.

मग माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती, ती गेली, जीव वाचला, सगळं छान झालं. आवाज तेवढा बसला. बोलण्यापुरता परत आला, पण असा घोगरा, की फोनवर डिलिव्हरीवाले मला 'हां जी सर' म्हणतात. बरं वाटायला लागल्यावर एकदा आम्ही पेटी काढली. माझी पट्टी काळी चार, बायकांची; पुरुष गातात ती खालची, काळी एक. यांनी सा धरला, मी लावायला गेले, आणि गळ्यातून जे काय निघालं ते मी इथे लिहिणार नाही. यांनी हळूच भाता मिटला. पेटीला खोळ घातली. मी उठून कुकर लावला.

त्यानंतर हे कुणाच्याच साथीला बसले नाहीत. मला खरं सांगायचं तर त्याचं बरं वाटायचं. म्हणजे वाईटही वाटायचं, पण आत कुठेतरी एक थाट होता, की हा माणूस माझ्यासाठी वाजवायचा, मी नाही तर कुणी नाही. आवाज गेलेल्या बाईजवळ एवढा एक दागिना उरला होता. तो दागिना यांनी त्या रविवारी, चहा-बिस्किटांबरोबर, एका जर्मन बयेला देऊन टाकला.

सिनेमाची गोष्ट काय, तर अशी. ही बया बर्लिनमधल्या एका टोप्यांच्या दुकानात काम करते. एक गिऱ्हाईक आपली छत्री विसरून जातं. ही छत्री घेऊन त्याच्या मागे धावते. त्याला वाटतं हिला आपल्या बायकोने पाळतीवर ठेवलंय, म्हणून तो पळतो. ट्रामवर चढतो, ही चढते. तळ्यात होडी घेतो, ही दुसरी होडी घेते. बस, सगळ्या सिनेमाभर हेच. आखूड कापलेले केस, कपाळावर घट्ट बसलेली टोपी, आणि डोळे असे की मेलीला बोलायची गरजच नाही.

हे सकाळी अंघोळ-पूजा झाली की लॅपटॉप टेबलावर, पेटी मांडीजवळच्या स्टुलावर, असे बसायचे. मी समोर भाजी चिरत. ती धावली की यांची बोटं धावायची. ती होडीत घसरली की पेटीही घसरायची. आणि ती हसायच्या आधी, बरं का, आधी, हे सुरांची एक छोटीशी जागा घ्यायचे, खालून वर, आणि मग ती हसायची. जणू यांनी हसवलं म्हणून हसली. ती जागा माझी होती. म्हणजे मी अंतऱ्यावरून परत येताना हे जी घ्यायचे, तीच. मी सुरी बाजूला ठेवली.

"एवढं काय बघताय तिच्याकडे?" मी विचारलं.

"अगं, बघितल्याशिवाय वाजवणार कसं?"

"मग डोळे फोडून बघा."

"काय झालं तुला?"

काय झालं म्हणे! पुरुषाच्या जातीला हा प्रश्न विचारायला कुणी शिकवतं का उपजतच येतो, देव जाणे. त्या दिवशी भेंडीत मीठ घालायचं राहून गेलं आणि यांनी ती तशीच खाल्ली, लॅपटॉपकडे बघत. मीठ नाही हे कळलंसुद्धा नाही. तेव्हा मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मी त्या बाईचा राग राग करायला लागले. तिचे दोष काढायला बसले. दात जरा पुढे आहेत. चालते कशी, बदकासारखी. एक बाई परक्या पुरुषाच्या मागे गावभर धावते, शोभतं का? दोष काढायचे तर नीट बघायला हवं, म्हणून नीट बघायला लागले. पोळ्या लाटता लाटता बघायची, कपड्यांच्या घड्या घालताना बघायची. कधी हे खाली दूध आणायला गेले की मी एकटीच लॅपटॉप उघडून बसायची आणि तिच्यावर डोळे वटारायची. यांच्या पावलांची चाहूल लागली की झाकण बंद. वय काय, चाललंय काय! पण असं करता करता मला ती सगळी कळायला लागली. ती घाबरण्याआधी डावा हात टोपीला लावते. खोटं बोलताना खालचा ओठ आत घेते. आणि होड्यांचा सीन संपल्यावर नाचघराच्या बाहेर बाकावर एकटी बसून रडते ना, तेव्हा आधी हसायचा प्रयत्न करते. तो जमत नाही, म्हणून रडते. हे यांच्याही लक्षात आलं नव्हतं. मला आलं, कारण मी तशीच रडते.

एक दिवस स्वयंपाक करता करता मी कान टवकारले. हे तिच्या रडण्याला सूर लावत होते, आणि तो सूर ओळखीचा होता. मी ओट्यापासून तरातरा बाहेर आले. बोटं कुठे आहेत ते बघितलं.

"काळी चार?" मी म्हटलं.

"हो."

"ती बाई गात नाही. तिला पट्टीच नाही. तुम्हाला पेटीवर दुसरी कुठलीही पट्टी चालली असती. तुम्ही तिला माझी दिलीत."

"हात तिथेच बसतो गं. एवढ्या वर्षांची सवय."

"सवय! माझ्यापुढे पेटीला खोळ घातलीत तुम्ही. का, तर मला आवाज नाही. बरोबर आहे, नाहीये. पण मग हिला तरी कुठे आवाज आहे? ही मुकी, मी मुकी. हिच्यासाठी मात्र सकाळ-संध्याकाळ भाता चालतोय!"

बोलताना माझा आवाज फाटला आणि शेवटचं वाक्य नुसतंच फुसफुसलं. यांनी सिनेमा थांबवला. ती तोंड अर्धं उघडं ठेवून पडद्यावर थांबली. हे बराच वेळ पेटीच्या पट्ट्या रुमालाने पुसत बसले.

"तिचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही," ते म्हणाले. "म्हणून वाजवता येतं. तुझा ऐकलाय."

दुसऱ्या कुणा बाईला हे ऐकून भरून आलं असतं. मला आला संताप. म्हटलं, वा! म्हणजे मी गायले हाच माझा गुन्हा. दोन दिवस मी कामापुरतंच बोलले, तेही हिंदीत. आमच्या घरात हिंदीत बोलणं म्हणजे भांडण, हे सांगायला नको.

कार्यक्रमाच्या दिवशी मी जाणारच नव्हते. पण मंडळात कुणीतरी विचारणार, वहिनी का नाही आल्या, आणि हे सांगणार, बरं नाही. मग सगळ्या बायका हळहळणार, बिचारीचं गाणं गेलं ना, बघवत नसेल. नको ती सहानुभूती. ठेवणीतली साडी नेसले, केसात गजरा माळला आणि मेट्रोत यांच्या शेजारी ताठ बसले. पेटी आमच्या दोघांच्या पायांशी.

हॉलवर पोचलो तर मंडळाच्या सेक्रेटरींनी सगळी तयारी करून ठेवली होती. मोठ्या हौसेने. स्टेजवर मागे पांढरा पडदा सोडलेला. त्याच्यासमोर गादी, गादीवर परीटघडीची चादर, लोड, दोन बाजूंना झेंडूच्या कुंड्या, समया, पेटीच्या उंचीला लावलेला माईक. दिवाळी पहाटेला असते तश्शी बैठक, प्रेक्षकांकडे तोंड करून. आणि सिनेमा कुठे? यांच्या पाठीमागे!

यांनी गादीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. घरी सगळा रियाज लॅपटॉप समोर ठेवून झालेला. हा विचार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. मंडळात आजवर जो वाजवायला बसला तो लोकांकडे तोंड करूनच बसला, त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

"अरे यार!" मुलीने डोक्याला हात लावला. "काका, तुम्ही उलटे बसा ना, स्क्रीनकडे फेस करून."

"प्रेक्षकांकडे पाठ?" सेक्रेटरी दुखावले. "कलाकार असा बसतो होय? बरं दिसतं का ते? आणि माईकच्या वायरी चिकटवून टाकल्यात हो सगळ्या."

मुलगी आणखी काही बोलणार होती. पण हेच म्हणाले, "राहू दे. लोकांकडे पाठ करून मला नाही बसता येणार. सगळा सिनेमा डोक्यात आहे माझ्या." यांचा स्वभाव! घर पेटलं तरी आधी पाहुण्यांना पाणी विचारतील. मी पहिल्या रांगेत मधोमध बसले. मनात म्हटलं, बरं झालं. आता बघा तुमच्या छत्रीवालीकडे!

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. मुलीने पाट्या छान वाचल्या, लोक रंगले. सुरुवातीला पेटीही बरोबर चालली. मग हळूहळू मागे पडायला लागली. गाणारा साथीदारासाठी थांबतो, वळून बघतो, एखादी तान लांबवतो. सिनेमा कसला थांबतोय! तो माणूस ट्रामवरून धपकन पडला आणि पेटी अजून धावतेच आहे. लोक हसले, पण चुकीच्या जागी. मागून कुणीतरी "क्या हुआ?" म्हणालं. हे मान वळवून बघायला गेले, पण यांच्या मानेला स्पॉन्डिलायटिस, आणि पडदा इतका डोक्यावर की काय दिसणार, कपाळ? समईच्या उजेडात मला यांच्या कानशिलावरचा घाम दिसला.

मग यांनी माझ्याकडे बघितलं.

पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर पडत होता. यांना त्या अंधारात दिसण्यासारखं तेवढंच होतं. भुवई वर गेली, जुनी. पण या खेपेला ती 'जा, मी आहे' म्हणत नव्हती. 'कुठे आहेस?' असं विचारत होती.

एक क्षण मी मुद्दाम गप्प बसले. तोंड दगडासारखं केलं. म्हटलं, भोगा. पण पडद्यावर बया होडीत पाय टाकत होती, आता घसरणार, आणि यांना ते ठाऊक नव्हतं. माझा डावा हात आपोआप वर गेला, टोपी नसलेल्या डोक्याकडे, गजऱ्याला लागला. यांनी तो बघितला. बोटं थबकली. बया घसरली, पेटी तिच्याबरोबर घसरली, सगळा हॉल खदखदला.

मग मी लाज सोडली. ती खोटं बोलली तेव्हा मी ओठ आत घेतला. ती दचकली, मी दचकले. शेजारच्या काकू माझ्याकडे बघायला लागल्या, बघेनात का! तिने हसायच्या आधी मी श्वास घेतला आणि यांनी ती जागा घेतली, खालून वर, माझी जागा. किती वर्षांनी माझ्या श्वासाला कुणीतरी उत्तर दिलं. हे पेटीकडे बघत नव्हते. पडदा यांना दिसतच नव्हता. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, तसंच, पूर्वीसारखं.

बाकाचा सीन आला. ती आधी हसायला बघते आणि मग रडते, तो. मी हसायला बघितलं, ते काही जमलं नाही, आणि मी रडले. नाटक नव्हतं ते. काळी चार माझ्यासाठी वाजत होती आणि मला तिच्यात गाता येत नव्हतं, याचं एवढ्या वर्षांचं रडणं एकदम आलं. पडद्यावर बयेला छत्री आपल्याच दंडाला अडकलेली दिसली आणि ती लगेच हसायला लागली. सिनेमा पुढे गेला. लोक हसले. मी मात्र त्या बाकावरच राहिले होते, आणि पेटीही राहिली. पडद्यावर छत्री उघडते, मिटते, तो माणूस पुन्हा पळत सुटतो, आणि खाली हॉलमध्ये भरल्या गळ्याचे सूर चाललेत. मुलगी माईकवरून वळून वळून यांच्याकडे बघत होती. यांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, मला त्या सगळ्या ध्यानाचं हसू आलं, तेव्हा कुठे पेटी हसली.

कार्यक्रम झाल्यावर सगळे स्टेजभोवती जमले. मुलगी खूश होती, तरी तिच्याने राहवेना. "काका, फँटास्टिक! बस तो बेंचवाला सीन थोडा लांबला. ती हसायला लागली होती ना, तुम्ही रडवतच बसलात."

हे पेटीचा भाता बंद करत होते. "हसायला लागली असेल," म्हणाले. "मी जिच्या साथीला होतो ती रडत होती."

मुलीला काही कळलं नाही. मी समईतली वात सारखी करायचं निमित्त काढून तोंड फिरवलं.

घरी आलो. पेटी हॉलच्या मध्यात ठेवून हे खोळ शोधायला लागले. खोळ मी आल्या आल्या उशीखाली घातली होती. मी पेटीच्या पलीकडे जाऊन बसले, मांडी घालून. हे माझ्याकडे बघत राहिले, मग सावकाश खाली बसले, भाता उघडला आणि सवयीने बोट ठेवलं, काळी चारवर.

"ती नको," मी माझ्या 'हां जी सर' आवाजात म्हटलं. "ती त्या छत्रीवालीलाच राहू दे. मला काळी एक द्या."